अस्तराची माया

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारते. कातड्याचं जाकीट जुनं झालं, की आधी काय फाटतं? कातडं? छे! आधी फाटतं ते आतलं अस्तर. बाहेरून जाकीट अजून ऐटदार दिसत असतं आणि बाहीत हात घालायला जावं, तर बोटं भलत्याच भोकात शिरतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "टाकून दे आता ते!"

थांबा. टाकायच्या आधी त्या जाकिटाची ओळख तर करून घ्या.

सिनेमात वैमानिकाच्या अंगात तपकिरी कातड्याचं, आखूड जाकीट तुम्ही पाहिलं असेल. समोर चेन, दोन झाकणवाले खिसे, मनगटाला आणि कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. त्याचं मूळ नाव 'ए-२'. अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने ते १९३१ साली स्वीकारलं. घोड्याचं किंवा बकऱ्याचं कातडं वापरून ते शिवत. अस्तर सुरुवातीला रेशमी होतं, पुढे सुती आलं.

आता कातडंच कशाला? तर जमिनीपासून वर जावं तसतशी हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी. खाली ३० अंश असतील, तर तीन किलोमीटर उंचीवर जेमतेम १० अंश! त्यात त्या काळी कितीतरी विमानांना वर छप्पर नसे. वारा अडवायला कातडं हवंच. पण नुसतं कातडं घामाने अंगाला चिकटतं, हात आत सरकत नाही. म्हणून आत अस्तर. कातडं वारा अडवतं आणि अस्तर घाम सोसतं, घर्षण सोसतं. रोज झिजायचं काम त्याच्याकडे, म्हणून आधी विरतं तेही तेच.

या अस्तराची आणखी एक कामगिरी ऐका. १९४१-४२ साली काही अमेरिकी वैमानिक चीनच्या बाजूने जपानी विमानांशी लढायला गेले होते. 'फ्लाइंग टायगर्स' म्हणून ते प्रसिद्ध आहेत. विमान पडलं आणि वैमानिक परक्या गावात उतरला, तर तो गावकऱ्यांशी बोलणार कसा? भाषाच येत नाही! म्हणून त्यांना एक कापड दिलेलं असे. त्यावर चीनचा झेंडा आणि चिनी लिपीत मजकूर : हा परदेशी माणूस आपल्या मदतीला आला आहे, त्याला वाचवा. आधी हे कापड जाकिटाच्या पाठीवर शिवत. पण पाठीवरचा झेंडा शत्रूलाही दिसायचा! मग पुष्कळ जणांनी ते आत, अस्तरावर शिवून घेतलं. या कापडाला इंग्रजीत 'ब्लड चिट' म्हणतात. यातला 'चिट' हा शब्द आपल्याकडच्या 'चिठ्ठी'वरून इंग्रजीत गेला आहे बरं का!

१९४२ पासून तर आपल्या आसाममधल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्वेकडचे डोंगर ओलांडून चीनला सामान नेणारी विमानं उडत. युद्ध संपेपर्यंत त्या वाटेवर पाचशेहून अधिक विमानं कोसळली. अशा वाटेवर आतल्या कापडाची किंमत काय असेल, तुम्हीच विचार करा.

म्हणून पहिला नियम : जाकीट खरोखर त्या युद्धातलं असेल, तर अस्तराला हात लावायचा नाही. फाटलेलं असलं तरी त्यावरची चिठ्ठी, शिक्का, कुणी शाईने लिहिलेलं नाव हाच तर इतिहास आहे. नवं कापड घातलं, की तो पुसला. पण आज बाजारात दिसतात ती बहुतेक त्या धर्तीवर नंतर शिवलेली जाकिटं. ती वापरायची असतात, तेव्हा ती दुरुस्त करायला हरकत नाही.

आता काम कसं चालतं ते पाहू. ब्लेड, कात्री आणि जाड सुई मोठ्यांच्या हातात. तुम्ही शेजारी बसून मदत करायची.

आधी तपासणी. नुसती शिवण उसवली असेल, तर हाताने टाके घालून भागतं. एखादंच भोक असेल, तर ठिगळ पुरे. पण अस्तर चिमटीत धरून हलकेच ताणलं आणि ते टरकन फाटलं, तर कापडच विरलंय. मग संपूर्ण अस्तर बदलायचं.

उसवण्याआधी फोटो काढा किंवा वहीत आकृती काढा. कुठला तुकडा कुठे, कुठली बाही डावी, सगळं लिहा. मानेजवळची चिठ्ठी सोडवून जपून ठेवा. ती पुन्हा तिथेच लावायची आहे. मग अस्तर मनगटाच्या पट्टीपासून, कमरेच्या पट्टीपासून, चेनजवळच्या कातडी पट्टीपासून आणि शेवटी कॉलरपासून सोडवायचं. ओढायचं नाही. एकेक टाका कापायचा. कातड्याला कातड्याशी जोडणाऱ्या शिवणीला तर धक्काही लावायचा नाही.

जुनं अस्तर फेकू नका हं! तेच आपलं माप. त्याचे तुकडे सुटे करून इस्त्री करा, नव्या कापडावर पसरा आणि खडूने आखा. एक बाजू फार फाटली असेल, तर दुसऱ्या बाजूचा तुकडा उलटा ठेवून माप घ्या. कापड सुती असेल, तर बेतण्याआधी ते धुऊन वाळवायलाच हवं. नाहीतर पहिल्या ओलाव्याला ते आटेल आणि आतून कातडं ओढेल.

शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडतात, त्याला आपले शिंपी काय म्हणतात, ठाऊक आहे? 'माया'! जुन्या तुकड्याची कड जिथे विरली असेल, तिथे नव्या तुकड्याला ती माया भरून द्यायची. अस्तर किंचित सैलही हवं. हात वर केला की कापडाला जागा लागते. माया कमी पडली, की शिवण तटकन उसवते.

नव्या अस्तराचं आधी एक वेगळं जाकीटच शिवून घ्यायचं. मग ते आत बसवायचं, शिवणी कातड्याकडे आणि गुळगुळीत बाजू अंगाकडे. बाहीत हात घालून पाहा, पीळ तर पडला नाही ना? खात्री झाली, की मगच पक्कं करायचं.

इथे सगळ्यात मोठी काळजी. कापडाला सुई टोचली, तर धागे बाजूला सरतात आणि पुन्हा जवळ येतात. कातड्याचं भोक मात्र बुजत नाही, कायमचं राहतं. म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, कपड्यांचे चिमटे लावायचे. हाताने शिवताना बोथट टोकाची सुई घेऊन जुन्याच भोकांतून दोरा काढायचा. जवळजवळ नवी भोकं पाडली, तर काय होईल? टपालाच्या तिकिटांच्या कडेला भोकं असतात आणि तिकीट तिथूनच सुटतं, अगदी तसं! दोरा पॉलिस्टरचा घ्यावा, तो जास्त टिकतो. घरच्या यंत्राला जाड कातडं झेपत नसेल, तर तेवढं काम कातड्याच्या बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे न्यावं. त्यात कमीपणा नाही.

आता एक गोष्ट पालकांसाठी. सुई-दोरा मुलीच्या हातात दिला जातो, मुलाला मात्र "तुला काय करायचंय?" असं ऐकावं लागतं. वैमानिकाच्या जाकिटाचं निमित्त करून मुलालाही शेजारी बसवा. जे हाताने दुरुस्त करता येतं, ते चटकन टाकवत नाही, हे त्याला तिथेच कळेल.

आणि मुलांनो, या आठवड्याचं तुमचं काम. कार्यानुभवाच्या तासाला शिकलेला धावदोरा आठवा. दप्तराचं, जुन्या कोटाचं किंवा पर्सचं फाटकं अस्तर शोधा. चिमटीत धरून तपासा आणि वहीत लिहा : टाके पुरतील, ठिगळ लागेल, की सगळंच बदलायचं? का, तेही लिहा. मग मोठ्यांना दाखवून कामाला लागा.

आणि बेतताना माया सोडायला विसरू नका!