माउस धरायला महाविद्यालय कशाला?

पदवीच्या पहिल्या वर्षात प्राथमिक संगणकाचा विषय असावा, असं म्हटलं की हल्ली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यातही लोक हसतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पोरांच्या हातात आठवीपासून मोबाइल आहे. कापसाच्या वावरात उभं राहून रील टाकणाऱ्या मुलाला फोल्डर म्हणजे काय ते काय शिकवायचं? ज्याला प्रमाणपत्र हवं तो एमएस-सीआयटी करतो. उरलंसुरलं काम आता एआय करील. मग कला शाखेच्या मुलाचे तास त्यात का घालवायचे? हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांत प्राध्यापक आहेत, पालक आहेत आणि खुद्द विद्यार्थी आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

मोबाइलचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. जून-जुलैत तहसील किंवा बस स्थानकाजवळच्या कुठल्याही ऑनलाइन सेवा केंद्रासमोर उभे राहा. रांगेत मोबाइल नसलेला एकही तरुण दिसणार नाही. तरीही सगळे रांगेत आहेत. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाची नोंदणी ही सगळी कामं केंद्रचालकच करून देतो. फोटो अमुक केबीच्या आत बसवायचा, चार कागदांची एक पीडीएफ करायची, फाइल नेमकी कुठे उतरली ते शोधायचं, यातलं काहीच रील टाकून येत नाही. मोबाइल तुमची फाइल कुठे ठेवतो ते दाखवण्याची तसदीच घेत नाही. बघणारा बघत राहावा एवढीच त्याची सोय असते. ईमेलही केंद्रचालकच काढून देतो आणि पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं म्हटलं की ओटीपी भलत्याच क्रमांकावर जातो आणि मुलगा पुन्हा रांगेत. केंद्रचालकाचा यात दोष नाही. तोही इथलाच, पोटासाठी बसलेला. पण ज्याच्या नावावर शिष्यवृत्ती आहे त्याच्याकडे स्वतःच्या खात्याची किल्ली नसावी, याला ‘डिजिटल पिढी’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शिवाय ‘पोरांच्या हातात’ म्हणताना पोरींचे हात मोजलेले नसतात. ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींवरचा ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२३ चा अहवाल सांगतो की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. बाकीच्या मुली भावाचा किंवा बापाचा फोन मागून वापरतात. महाविद्यालयातला संगणक हा त्यातल्या कित्येकींच्या वाट्याला येणारा पहिला पडदा असतो, जिथे मागे कुणी उभं नसतं.

आणि नोकरीचं काय? २०२३ ची तलाठी भरती संगणकावर झाली, वनरक्षकाची लेखी परीक्षाही संगणकावर. चंद्रपूर-गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांतल्या पोरांनी वर्षानुवर्षं ज्या जागांची स्वप्नं पाहिली, त्या याच. वनरक्षकासाठी पोरगं पहाटे धावण्याचा सराव करतं आणि माउस पहिल्यांदा धरतं ते थेट परीक्षा केंद्रावर, घड्याळ उलटं चालत असताना. लिपिक-टंकलेखकाला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला तीस शब्दांचा वेग लागतो. दोन अंगठ्यांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला तो येणार कुठून?

एमएस-सीआयटीबद्दल मला आदर आहे. २००१ पासून महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने हा अभ्यासक्रम गावोगाव नेला, तोही मराठीतून, हे लहान काम नव्हे. पण त्याला काही हजार रुपये लागतात, आणि बहुतेक जण तो नोकरीच्या अर्जात जोडायचं प्रमाणपत्र म्हणून करतात. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही त्यानेच बाहेर जाऊन पैसे मोजून शिकावं, हा सल्ला देणाऱ्याने एकदा राजुऱ्याशेजारच्या जिवतीच्या डोंगरावर जाऊन यावं.

एआयवाल्यांची मात्र गंमत वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा दिला, त्यात डिजिटल विषयांखाली नावं आहेत कृत्रिम बुद्धिमत्ता, बिग डेटा, ड्रोन, डीप लर्निंग यांची. ऐकायला छान आहे. पण एआयने लिहून दिलेला अर्ज बरोबर आहे की नाही ते कोण तपासणार? गट क्रमांक चुकला, ‘भोगवटादार वर्ग २’ च्या जागी वर्ग १ आलं, तर ते ओळखायला आधी सातबारा वाचता यावा लागतो, मग फाइल उघडून दुरुस्त करता यावी लागते. पाया टाळून वरचा मजला बांधायची ही घाई निदान ज्यांच्या घरी पाया आहे त्यांनी तरी करू नये.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करतो: पहिल्या वर्षाचा संगणक जसा अनेक ठिकाणी शिकवला जातो तो निरुपयोगी आहे. संगणकाच्या पाच पिढ्या सांगा. निर्वात नळी आणि ट्रान्झिस्टर यांतील फरक लिहा. रॅम आणि रॉम यांवर टीप लिहा, गुण पाच. मुलं हे गाइडमधून पाठ करतात, कागदावर निळ्या शाईने लिहितात आणि कीबोर्डला बोट न लावता उत्तीर्ण होतात. पण विषय वाईट शिकवला जातो म्हणून तो काढूनच टाकायचा ठरवलं, तर अभ्यासक्रमात फार थोडं शिल्लक राहील.

राजुऱ्याने तर हा वाद हसण्यावारी नेऊच नये. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. लोक गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी बोलायचे आणि निजामाच्या सरकारचा कागद उर्दूत असायचा. जमीन आपली, पण तिच्याबद्दल काय लिहिलंय ते दुसऱ्याने वाचून सांगायचं. त्याच जिल्ह्यात १९४० साली जोडेघाटला गोंड नेते कोमुरम भीम पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले, आणि त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची गाऱ्हाणी समजून घ्यायला पाठवलं. जंगल आणि जमीन हे मूळ दुखणं होतंच, पण कागद वाचता न येणारा गोंड कारकून-सावकारांच्या हाती सापडतो, हेही त्यांना दिसलं. १९४३ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं, देवनागरीत गोंडी वाचनपुस्तकं निघाली. महसूल खात्यातले सेतुमाधवराव पगडी स्वतः गोंडी आणि कोलामी शिकले, त्यांची व्याकरणं लिहिली. ‘या लोकांना अक्षर कशाला?’ असं तेव्हाही कुणी म्हणालं असेलच. आज उर्दूच्या जागी पोर्टल आलंय आणि वाचून सांगणारा केंद्रावर बसलाय.

मारलवाईत धडे शिकणाऱ्याच्या भाषेतून सुरू झाले. पहिल्या वर्षाचा संगणकही मुलाच्या घरच्या कागदापासून सुरू व्हावा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने स्वतःचा ईमेल स्वतःच्या क्रमांकावर काढावा आणि पासवर्ड कुणाला सांगू नये. मग घरचा डिजिटल सहीचा सातबारा उतरवून नीट नाव देऊन जपावा. त्याची फी पंधरा रुपये आहे, महाविद्यालयाने भरावी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवावा: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, मराठी लिहिणाऱ्याला त्याची मांडणी पटकन उमगते. हिशेबाच्या तक्त्यासाठी पाठ्यपुस्तकातले ‘मिस्टर एक्स’ कशाला हवेत? तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर कुणी किती पुडके दिले, शेकड्याला दर काय, किती मिळाले आणि किती यायचे राहिले, हे मांडा. कापूस वेचणीच्या किलोंचं तसंच. दर एका चौकोनात बदलला की सगळ्या बायांची मजुरी आपोआप बदलते, हे पडद्यावर पाहिलेल्या मुलीला सूत्र म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागत नाही. दरवर्षी खरिपात ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची मोबाइलवर नोंद, असते, तिचा एक तास तर प्रत्यक्ष बांधावर घ्यावा. आणि परीक्षा यंत्रासमोर व्हावी, कागदावर मुळीच नको.

यंत्रं कुठून आणायची, हा प्रश्न इथे तरी विचारू नये. सास्तीला कोळशाच्या खाणी आहेत, गडचांदूर-आवारपूरला सिमेंटचे कारखाने आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले आहेत. खरी अडचण वेळेची आहे. विरूर, देवाडा, जिवतीकडची मुलं एसटीने येतात आणि गाडी सुटायच्या आत निघतात. प्रयोगशाळा दुपारी चारला उघडली तर ती राजुऱ्यात राहणाऱ्यांपुरतीच उरते. तेव्हा तिचं वेळापत्रक प्राध्यापकांच्या सोयीने न लावता एसटीच्या फलकासमोर उभं राहून लावावं.