यंत्र घेण्याआधी आपली सीडी पिशवीत घाला



मिरचीचा हंगाम आटोपत आला की घरात चार पैसे येतात, आणि पैसे आले की वर्षभर मनात दाबून ठेवलेली एकेक वस्तू वर येते. कोणाला पंप बदलायचा असतो, कोणाला कपाट हवे असते, तर कोणाला टीव्हीला काहीतरी नवे जोडायचे असते. भिवापूर तालुक्यातील एका ताईंचे पत्र याच विषयावर आले आहे. प्रश्न त्यांच्या एका घरचा असला तरी तो अनेक घरांचा आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहे.

ताई लिहितात की, नागपूरला शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने एक ब्लू-रे प्लेअर पाहून ठेवला आहे. तो सीडी लावतो आणि इंटरनेटवरचे सिनेमेही दाखवितो. किंमत उतरविलेली आहे. मुलगा म्हणतो, आत्ताच घेऊ. ताईंचे यजमान म्हणतात, "मोबाइलवर सारं दिसते, मंग हे कायले पायजे?" ताईंचे म्हणणे मात्र वेगळेच आहे. त्यांच्या ट्रंकेत वीस-बावीस सीड्या आहेत. त्यांत त्यांच्या २००३ मधील लग्नाच्या दोन सीड्या आहेत. लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांचे वडील गेले. वडील चालताना, बोलताना, पाहुण्यांना पंगतीत आग्रह करताना दिसतात ते फक्त त्या सीड्यांत. घरातील जुना प्लेअर बंद पडून बरीच वर्षे झाली. "आमच्या सीड्या यावर लागतील काय, आणि स्वस्तात कोणता घ्यावा?" एवढेच त्या विचारतात.

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत, आणि त्यांतला पहिला फार मोलाचा आहे. प्लेअर पसंत करताना बहुतेक जण किंमत पाहतात, नाव पाहतात. आपल्या घरी काय आहे ते कोणी पाहत नाही. तेथेच फसगत होते.

आधी हे ब्लू-रे म्हणजे काय ते समजून घेऊ. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसायला सारख्याच, प्रत्येकीची रुंदी १२ सेंटीमीटर. फरक आहे तो पेरणीचा. तबकडीवर चित्र आणि आवाज अतिशय बारीक खुणांच्या ओळींनी नोंदलेले असतात. सीडीवर दोन ओळींत १.६ मायक्रॉन अंतर असते, डीव्हीडीवर ०.७४ आणि ब्लू-रेवर ०.३२. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ओळी जितक्या जवळ, तितके तेवढ्याच रानात पीक जास्त. म्हणून सीडीत साधारण ७०० एमबी मावते, डीव्हीडीत ४.७ जीबी आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी. व्हीसीडीवर सिनेमा आला की दोन सीड्या का लागत आणि मध्येच उठून दुसरी का लावावी लागे, ते यावरून ध्यानात येईल.

ओळी जवळ आल्या की त्यांत चालणारे चाकही बारीक लागते. हे चाक म्हणजे लेसरचा किरण. डीव्हीडीला तांबडा किरण चालतो, ब्लू-रेला त्याहून बारीक असा निळसर जांभळा किरण लागतो. त्यावरूनच त्याचे नाव पडले. २००६ साली हे यंत्र बाजारात आले. ब्लू-रे प्लेअरमध्ये जुन्या तबकड्यांसाठीही किरण असतो, म्हणून त्यावर डीव्हीडी लागते. उलट डीव्हीडी प्लेअरवर ब्लू-रे मात्र लागत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाची खरी मेख ऐका. दुकानदार सांगेल की यावर जुने सगळे चालते. डीव्हीडीच्या बाबतीत ते बहुधा खरे निघते. परंतु आपल्याकडे त्या काळात लग्नाच्या बहुतेक सीड्या व्हीसीडी या प्रकारच्या बनत. ती सीडी यंत्रात गेली तरी तिच्यावरचे चित्र उलगडण्याची सोय प्रत्येक ब्लू-रे प्लेअरमध्ये नसते. कित्येक यंत्रांवर डीव्हीडी उत्तम दिसते आणि व्हीसीडी घातली की "तबकडी ओळखता येत नाही" अशी सूचना येते. म्हणजे हजारो रुपये मोजून यंत्र घरी आणायचे आणि ज्या सीडीसाठी आणले तीच लागायची नाही! यंत्राच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात चालणाऱ्या तबकड्यांची यादी असते. तीत व्हीसीडीचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. नसेल तर ती चालत नाही असेच धरून चालावे.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. प्लेअरमध्ये यूट्यूब किंवा नेटफ्लिक्स असते म्हणजे त्या कंपन्यांचे ॲप त्यात घालून दिलेले असते. ते चालू ठेवणे यंत्राच्या मालकाच्या हाती नसते. २०१५ मध्ये यूट्यूबने २०१२ पर्यंतच्या कित्येक टीव्हींवरील आणि ब्लू-रे प्लेअरवरील आपले जुने ॲप बंद केले. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनेही काही जुन्या टीव्हींवर व जोडयंत्रांवर चालणे थांबविले. यंत्रे धडधाकट होती, पण त्यांचा तो भाग एका दिवसात निकामी झाला. त्यातच प्लेअर बनविणारेही कमी होत आहेत. ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये हा धंदा आवरला, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबविले, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन बंद केले. म्हणून किंमत उतरविलेले यंत्र दिसले की ते किती वर्षांपूर्वीचे आहे, हे आधी विचारावे. जुना माल असेल तर त्यातील इंटरनेटचा भाग आपल्या घरी किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. इंटरनेटसाठी यंत्र निराळे आणि सीडीसाठी निराळे ठेवावे, म्हणजे एक जुने झाले तरी दुसऱ्याला बाध येत नाही.

इंटरनेटसाठी हल्ली बोटाएवढी स्टिक मिळते. टीव्हीच्या मागे लावायची आणि घरच्या वाय-फायला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडायची. ती साधारण तीन ते पाच हजारांत येते. मात्र घेण्यापूर्वी हिशेब करावा. चांगल्या, स्वच्छ चित्राचा सिनेमा पाहताना तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेसात जीबी. मोबाइलला रोज दोन जीबी मिळत असतील तर तेवढ्यात पाऊण तासही धड होत नाही. चित्र थोडे मंद ठेवले तर तासाला एक जीबीच्या आसपास भागते. शिवाय वेग पाहावा. स्वच्छ चित्राला ५ एमबीपीएस इतका वेग सतत लागतो. तो दुपारी ओसरीवर तपासून उपयोग नाही. रात्री आठ-नऊ वाजता, अख्खे गाव मोबाइल पाहत असताना, टीव्ही जेथे ठेवला आहे त्याच खोलीत तपासावा.

तिसरी गोष्ट टीव्हीच्या पाठीची. टीव्ही फिरवून मागे पाहा. चपटे, रुंद असे एचडीएमआयचे भोक आहे काय? नव्या ब्लू-रे प्लेअरला आणि स्टिकलाही बहुधा तेवढीच एक जोडणी असते. मागे केवळ पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोके असतील, तर निराळे जोडयंत्र घ्यावे लागेल, नाही तर टीव्हीच बदलावा लागेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आणि टीव्ही जर आधीच स्मार्ट असेल, तर यूट्यूब त्यातच आहे. मग इंटरनेटचे पैसे दुसऱ्यांदा कशाला द्यायचे?

दुकानात गेल्यावर आणखी दोन शब्दांपासून सावध राहावे. "वाय-फाय रेडी" असे लिहिलेले असेल तर काही यंत्रांत वाय-फाय आत नसते, त्यासाठी वेगळा तुकडा विकत घ्यावा लागतो. "वाय-फाय आतच आहे का?" असे सरळ विचारावे. दुसरा शब्द रिजन. डीव्हीडीसाठी भारत रिजन ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी रिजन सी मध्ये येतो. कोणी नातेवाईक अमेरिकेतून प्लेअर पाठवितो म्हणाला, तर आनंद आहे, पण त्यावर इथल्या काही तबकड्या अडू शकतील, आणि तिकडची ११० ते १२० व्होल्टची वीज आणि आपली २३० व्होल्टची यांचाही मेळ पाहावा लागेल.

मग ब्लू-रे प्लेअर घ्यावा कोणी? ज्यांच्याकडे ब्लू-रे तबकड्या आहेत किंवा ज्यांना त्या विकत घ्यायच्या आहेत, टीव्ही मोठा आहे आणि चित्राची हौस आहे, त्यांनी. त्याचे चित्र इंटरनेटच्या चित्रापेक्षा सरस असते, त्याला डेटा लागत नाही, आणि विकत घेतलेली तबकडी कोणी परत नेत नाही. इंटरनेटवरचा सिनेमा आज असतो आणि उद्या काढून घेतलेला असतो. परंतु ट्रंकेत एकही ब्लू-रे नसताना ब्लू-रे प्लेअर घेणे म्हणजे घरी बैल नसताना झूल विकत घेणे होय. ताईंच्या ट्रंकेतील माल बहुतेक घरांसारखाच आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी विकायला काढली आणि गावोगावी ट्रंका भरल्या. ती कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सीड्या मात्र घरोघरी आहेत.

ज्यांच्याकडे सीडीही नाही आणि इंटरनेटही धड नाही, त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. एकदा तबक आणि सेट-टॉप बॉक्स बसविला की महिन्याचे भाडे लागत नाही.

आता ताई, तुमच्यासाठी क्रमाने सांगतो.

सर्वांत पहिले काम बाजाराचे नव्हे, ट्रंकेचे. लग्नाच्या दोन्ही सीड्या बाहेर काढा. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. पाण्याचा थेंब पुरतो, घासणी-पावडर लावू नका. सीडीचा चकाकणारा थर वरच्या, नाव छापलेल्या बाजूला अगदी जवळ असतो. त्यावर बॉलपेनने लिहू नका आणि चिकटपट्टी लावून ओढू नका. उजेडात धरून पाहा. सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागली असतील तर आता एक हंगामही थांबू नका.

दुसरे काम नकल करण्याचे. ज्या संगणकाला सीडी लागते अशा ठिकाणी, ओळखीच्या फोटो स्टुडिओत किंवा मुलाच्या मित्राकडे, स्वतः समोर बसून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. सीडी सोडून येऊ नका. व्हीसीडीतील चित्र "एमपीईजीएव्ही" नावाच्या कप्प्यात असते, तो पूर्ण उतरवावा. एक नकल घरी ठेवा, दुसरी माहेरी भावाकडे किंवा बहिणीकडे द्या. दोन घरी असले म्हणजे एका घरचे पाणी-वीज-उंदीर दुसऱ्या घराला लागत नाहीत. हे काम थोड्या खर्चाचे आहे आणि नव्या प्लेअरच्या आधीचे आहे. प्लेअर पुढच्या वर्षीही मिळेल.

तिसरे काम, हवेच असेल तर, प्लेअरचे. तुमच्या सीड्यांना साधा, व्हीसीडी वाचणारा आणि पेन ड्राइव्ह लागणारा डीव्हीडी प्लेअर पुरे. तो ब्लू-रेच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. उरलेल्या पैशांत मुलासाठी पुढे स्टिक घेता येईल, मात्र आधी रात्रीचा वेग तपासून. यजमानांनाही सांगा की मोबाइलवर सारे दिसते हे खरे, पण तुमचे वडील मोबाइलवर कोणी घातलेले नाहीत. ते तुम्हालाच घालावे लागतील.

आणि बाजारात जाल तेव्हा एक साधी व्हीसीडी पिशवीत घालून न्या. लग्नाची नको, सिनेमाची न्या. पैसे देण्यापूर्वी ती त्याच यंत्रावर लावून दाखवायला सांगा. यात भीड बाळगण्याचे कारण नाही. भिवापूरच्या बाजारात मिरचीचे पोते नुसते वरून पाहून कोणी घेत नाही. व्यापारी आत हात घालतो, मूठभर बाहेर काढतो, एखादी मोडून बी पाहतो. आपल्या मालाला तो इतका पारखतो, तर त्याच मिरचीच्या पैशांतून घेतलेल्या मालाला आपण का पारखू नये? दुकानदार लावून दाखवीत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. ऑनलाइन मागविणार असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची ते पाहून घ्या आणि खोके आल्याच दिवशी सीडी लावून पाहा.

ताई, नकल झाली की एखाद्या संध्याकाळी सगळ्यांना बसवून ती लावा. तुमच्या मुलाने आजोबांना चालता-बोलताना पाहिलेले नसेल. त्याला पंगतीतला तो आग्रह पाहू द्या. कसे झाले ते अवश्य कळवा.