तेव्हा कुठे संत होता?

काही गोष्टी घरात इतक्या वेळा ऐकलेल्या असतात, की त्यांच्यावर लिहावंसं कधी वाटतच नाही. आमच्या आजोबांनी पोपला पाहिलं, ही त्यातलीच एक.

साल १९६४, डिसेंबर महिना. आजोबा मलकापूरहून मुंबईला जाऊन गिरणीत लागलेले, वय चोवीस. ओव्हल मैदानावर कॅथलिकांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन होतं आणि त्यासाठी पोप सहावे पॉल आले होते. भारतात आलेले ते पहिलेच पोप. रात्रपाळीमुळे दिवसा मोकळे असलेले आजोबा आणि खोलीवरची चार पोरं रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. त्यात ख्रिस्ती कुणीच नव्हतं. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस गाडीतून हात हलवत गेला. झालं, एवढीच भेट!

१४ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना संत घोषित केलं गेलं. मी फोन करून म्हटलं, "आजोबा, तुम्ही तर संताला बघितलंय!" ते म्हणाले, "तवा कुठं संत हुता? पावणा हुता, बघाया गेलो."

मला आजोबांचं पटलं. पदवी मागाहून मिळते आणि आपण जुनी आठवण तिच्या मापाची करून घेतो. मग 'चेहऱ्यावर काय तेज होतं' वगैरे सुरू होतं. आपल्याकडेही तेच. गाडगेबाबांचा फोटो भिंतीवर लागला, की त्यांचा खराटा विसरणं सोपं जातं. त्यापेक्षा माणसाने काय केलं ते लक्षात ठेवावं.

या पाहुण्याने मुंबईत पत्रकारांसमोर एक आवाहन केलं होतं: देशांनी शस्त्रांवरच्या खर्चातला थोडा भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा. इथे वापरलेली भेटीची लिंकन गाडी त्यांनी मदर तेरेसांना दिली. मदरनी तिची सोडत काढली आणि ते पैसे कुष्ठरोग्यांसाठी लावले. याच पोपनी १९६८ मध्ये कृत्रिम संततिनियमनाला ठाम नकार दिला, आणि त्यावर खुद्द कॅथलिकांमध्येही वादळ उठलं. मला तो नकार आजही पटत नाही. संत झाल्याने तो वाद मिटत नाही, मिटूही नये. आम्ही सॉफ्टवेअरवाले नवं व्हर्जन आलं म्हणून जुनी हिस्टरी पुसत नाही, तसंच हे.

त्यांच्या नावावरचे दोन चमत्कार व्हॅटिकनने तपासून मान्य केले. ते मानायचे की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. पण साठ वर्षांत जगाचा शस्त्रांवरचा खर्च मधले काही उतार सोडले तर एकंदरीत वाढलाच, हे मानायला श्रद्धा लागत नाही. मुंबईतल्या त्या आवाहनाला चमत्कार नको होता, फक्त बजेटमधली एक ओळ बदलायला हवी होती. संतपदाचा सोहळा मात्र झाला. सोपं काम आपण आधी उरकतो, दुसरं काय!