अंगठीवरची वेडीवाकडी अक्षरे

युद्धकाळातील वस्तूंच्या संग्रहात पदके, गणवेश आणि शस्त्रे यांना जो मान मिळतो, तो सैनिकांनी फावल्या वेळात घडवून वर काही खरवडून ठेवलेल्या साध्या अंगठ्यांना क्वचितच मिळतो. वास्तविक सामान्य शिपायाच्या मनाचा जितका थेट पुरावा या अंगठ्यांत सापडतो, तितका सरकारी आज्ञेने पाडलेल्या पदकांत सापडत नाही. आघाडीवरील सैनिकांनी, युद्धकैद्यांनी आणि त्यांच्या आसपासच्या लोकांनी युद्धातील टाकाऊ साहित्यातून बनवलेल्या वस्तूंना ‘खंदक-कला’ म्हणतात, आणि निकोलस सॉन्डर्स यांच्यासारख्या मानवशास्त्रज्ञांनी तिला गंभीर अभ्यासाचा विषय म्हणून प्रतिष्ठा मिळवून दिली आहे. या कलेतील सर्वांत लहान वस्तू म्हणजे अंगठी, आणि तिचे मोल तिच्या धातूत नसून तिच्यावरील अनघड अक्षरांत आहे. म्हणून तिचा संग्राहक हा आधी वाचक असला पाहिजे.

१९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडी उत्तर समुद्रापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांत स्थिरावली, आणि दोन हल्ल्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत फ्रेंच व बेल्जियन सैनिकांमध्ये अंगठ्या घडवण्याचा नाद झपाट्याने पसरला. कच्चा माल शत्रूच्याच तोफांकडून येत असे. जर्मनांच्या ७७ मिलिमीटर तोफांच्या गोळ्यांना पुढच्या टोकाला फ्यूज, म्हणजे स्फोट नेमका केव्हा व्हावा हे ठरवणारा भाग, बसवलेला असे आणि त्यात ॲल्युमिनियम वापरलेले असे. हा धातू त्या काळी तसा नवा होता. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची पद्धत सापडेपर्यंत त्याची गणना मौल्यवान धातूंत होई, त्यामुळे चांदीसारखा चकाकणारा आणि वजनाला हलका असा हा तुकडा खेड्यातून आलेल्या शिपायाला दागिन्याच्या योग्यतेचा वाटला यात नवल नाही.

ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे खंदकातील कोळशांच्या विस्तवाला फुंकर घालून लोखंडी पळीत त्याचा रस करणे शक्य होते. हा रस साध्या साच्यात ओतून कांडी पाडली जाई, ती करवतीने कापून चकत्या केल्या जात, चकतीला भोक पाडून ते बोटाच्या मापाइतके वाढवले जाई आणि मग कानस, चाकू व पॉलिशकागद यांच्या मदतीने अंगठीला आकार येई. तांबे वितळायला मात्र सुमारे १०८५ अंश लागतात आणि तेवढी आच खंदकात सहज मिळत नसे. म्हणून तोफगोळ्याच्या बुडाजवळ असलेल्या तांब्याच्या पट्ट्याचे, म्हणजे तोफेच्या नळीतील पेचदार खाचांत रुतून गोळ्याला फिरकी देणाऱ्या पट्ट्याचे, बारीक तुकडे थंड अवस्थेतच ॲल्युमिनियममधील खाचेत ठोकून बसवले जात. हृदय, चौपानी क्लोव्हर, क्रूस अशा आकृत्या पांढऱ्या धातूवर तांबूस रंगात उठून दिसतात, त्या या अडचणीतून निघालेल्या वाटेमुळे. हा उद्योग निर्धोक नव्हता, कारण न फुटलेल्या गोळ्याचा फ्यूज काढताना जीव गमावण्याची भीती असे.

अंगठी तयार झाल्यावर तिच्यावर अक्षरे येत, आणि येथेच हौशी हाताची ओळख पटते. व्यावसायिक कोरक्याची रेघ सलग आणि एकसारख्या खोलीची असते. शिपायाजवळ मात्र चाकूचे टोक, खिळा किंवा घासून धारदार केलेला लोखंडाचा तुकडा एवढेच असे. त्याने अक्षरे तीन प्रकारे उमटवली आहेत : टोकाने पुन्हापुन्हा खरवडून, खिळ्याने ठिपक्यांची ओळ ठोकून, किंवा धारेचे टोक डावी-उजवीकडे डोलवत नागमोडी रेघ पुढे नेऊन. ओळीच्या सुरुवातीला अक्षरे ऐसपैस असावीत आणि शेवटी जागा संपल्यामुळे ती एकमेकांना चिकटावीत, हा दोष अशा अनेक अंगठ्यांवर दिसतो आणि आधी आखणी न करता केलेल्या कामाची ती खूण असते. मजकूर फार थोडा असतो : नावाची आद्याक्षरे, साल, फार तर व्हर्दन, आर्गोन किंवा ईझर असे एखाद्या रणभूमीचे नाव. घरी धाडलेल्या पत्रात आपला ठावठिकाणा लिहिण्यास सैनिकाला मनाई होती, हे लक्षात घेतले म्हणजे धातूवर कोरलेल्या या एका नावाचे वजन कळते. आपण तेथे होतो एवढेच त्याला सांगायचे होते, आणि ते पुसले जाऊ नये असे त्याला वाटत होते.

या अक्षरांचे वेगळेपण राज्यसंस्थेने वाटलेल्या अंगठ्यांशेजारी ठेवले असता अधिक स्पष्ट होते. १९१४ मध्ये जर्मनीत नागरिकांनी सोने देऊन लोखंड घ्यावे अशी मोहीम झाली, जिची परंपरा प्रशियाच्या १८१३ च्या नेपोलियनविरोधी लढ्यापर्यंत मागे जाते. फॅसिस्ट इटलीत १८ डिसेंबर १९३५ रोजी विवाहाच्या अंगठ्या राष्ट्राला अर्पण करण्याचा दिवस पाळला गेला, राणी एलेना यांनी रोममध्ये स्वतःची अंगठी दिली आणि देणाऱ्यांच्या हाती पोलादी वेढे आले. त्या वेढ्यांवर राष्ट्राला सोने दिल्याचा मजकूर आणि १८ नोव्हेंबर ही तारीख होती, म्हणजे अबिसिनियावरील आक्रमणामुळे इटलीवर आर्थिक निर्बंध लागू झाले तो दिवस. लाखो बोटांवर एकच वाक्य चढवणारी ती यंत्राची अक्षरे शासनाचे म्हणणे सांगतात. खंदकातील अंगठी एका माणसाचे म्हणणे सांगते, आणि इतिहासाला दोन्हींची गरज असली तरी दुसऱ्या प्रकारचा पुरावा फार लवकर हरवतो.

दुसऱ्या महायुद्धात साहित्य बदलले, प्रेरणा तीच राहिली. १९४१ ते १९४४ या काळात सोव्हिएत संघाशी लढणाऱ्या फिनिश सैनिकांनी, विशेषतः स्विर नदीकाठची आघाडी दीर्घकाळ स्थिर राहिली तेव्हा, पाडलेल्या विमानांच्या ॲल्युमिनियमपासून अंगठ्या केल्या आणि त्यांवर ठिकाण व साल कोरले. अमेरिकी नौसैनिक ९० टक्के चांदीचे नाणे कडेवर उभे धरून, चमच्याने हलके ठोके देत ते सतत फिरवत. त्यामुळे कड पसरून तिची पट्टी होई आणि शेवटी मधला भाग कापून काढला जाई. अशा अंगठीच्या आतल्या बाजूस नाण्यावरील मूळ अक्षरांचे अवशेष राहिलेले आढळतात, म्हणजे बाहेर माणसाचे नाव आणि आत राष्ट्राचे असे दोन लेख एकाच वेढ्यावर नांदतात. विमानांच्या खिडक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पर्स्पेक्स या पारदर्शक प्लॅस्टिकच्या अंगठ्याही झाल्या आणि काहींच्या कोंदणात प्रिय व्यक्तीचे चिमुकले छायाचित्र बसवले गेले.

संग्राहकाची खरी कसोटी अस्सल-नकलीच्या निवाड्यात लागते. मागणी वाढताच खंदकापासून दूर असलेल्या लोकांनीही अशा अंगठ्या विक्रीसाठी बनवल्या, आणि १९१७ पासून मिशेलिन कंपनीच्या रणभूमी-मार्गदर्शिका निघू लागल्या त्या काळात उभ्या राहिलेल्या पर्यटनाने स्मरणवस्तूंची बाजारपेठ आणखी वाढवली. म्हणून अंगठीची झीज आणि अक्षरांची झीज एकमेकींशी जुळते का, हे भिंगाखाली पाहावे लागते : बोटावर वर्षानुवर्षे राहिलेल्या अंगठीत अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात आणि खाचांत मळ घट्ट बसतो, तर झिजलेल्या वेढ्यावर तीक्ष्ण कडांची, तळाशी चकचकीत अक्षरे दिसली तर ती किंमत वाढवण्यासाठी नंतर घातली असण्याचा संशय घ्यावा. पर्यटकांसाठी बनलेली अंगठी मात्र तुच्छ मानू नये, कारण मृत मुलाची किंवा पतीची रणभूमी पाहायला आलेल्या माणसाने ती घेतली असेल तर तिच्यातील शोक खोटा ठरत नाही. फक्त तिची नोंद ती जी आहे तीच म्हणून व्हावी.

या छंदाला काही नियम असणे अत्यावश्यक आहे. अंगठी रसायनाने चकचकीत करू नये, कारण चकाकीबरोबर अक्षरांचा उथळ भाग आणि हत्यारांचे ओरखडे निघून जातात. रणभूमीत परवानगीविना उत्खनन करून मिळवलेली वस्तू विकत घेऊ नये, कारण तेथील जमिनीत आजही जिवंत स्फोटके आणि बेपत्ता सैनिकांचे अवशेष आहेत. आणि कुटुंबाकडून अंगठी घेताना ती कोणाची, कोठून आली, कोणी वापरली हे लिहून घेऊन तो कागद तिच्यापासून कधीही वेगळा करू नये. लंडनमधील इम्पीरियल वॉर म्युझियम किंवा फ्रान्समधील पेरॉन येथील महायुद्धाचे संग्रहालय अशा वस्तू जपतात, परंतु बहुसंख्य अंगठ्या आजही घरांत आणि खासगी संग्रहांत असल्याने त्यांच्या इतिहासाची जबाबदारी मुख्यतः हौशी संग्राहकावरच येते. दोन आद्याक्षरे आणि एक साल यांवरून माणूस नेहमीच ओळखता येईल असे नाही. परंतु ती अक्षरे जशीच्या तशी वाचून नोंदवून ठेवणे प्रत्येक संग्राहकाला शक्य आहे, आणि ते न करता केवळ अंगठ्यांची संख्या वाढवणाऱ्याला संग्राहक म्हणता येणार नाही.