यंत्राला अनुदान, पण तुरीला पैसा कुठे?

एखाद्या गावात जा आणि विचारा, 'इथं अनुदानावर आणलेलं यंत्र कुठं आहे?' बरेचदा एखादे पोरगे तुम्हाला गोठ्यामागे घेऊन जाते. तिथे ताडपत्रीखाली यंत्र उभे असते. पट्ट्याला उंदीर लागलेला, मोटारीवर कोंबड्या बसलेल्या. अशी एक डाळ मिल मी स्वतः पाहिली आहे. मालक आळशी नव्हता, यंत्रही बिघडलेले नव्हते. मग मिल बंद का? तो एकच वाक्य बोलला, 'भाऊ, मिल आली, पण तूर घ्यायला पैसा उरला नाही.'

त्या एका वाक्यात आपल्या अनुदान योजनांचे सगळे दुखणे आले.

'तुमचे इतके, बँकेचे इतके, आमचे इतके' ही सरकारची रीत नवी नाही. महाराष्ट्रात उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ साली आली, जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून उभी राहिली. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आणली. पाच वर्षांसाठी तरतूद १०,००० कोटी रुपयांची आणि त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. उद्योजकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. बाकी बँकेचे कर्ज.

यात तुमचा हिस्सा मागितला जातो, त्याला माझा विरोध नाही. स्वतःच्या खिशातले चार पैसे अडकले की माणूस धंद्याकडे लक्ष देतो. फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, हे आपण सारेच जाणतो. माझे म्हणणे वेगळे आहे. हिस्सा कशावर मागता आणि मदत कशावर देता, ते एकदा तपासा.

हिशेब मांडून बघू. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोट्या गावात चालेल अशी मिनी डाळ मिल तयार केली. विदर्भातल्या तुरीच्या पट्ट्याला ही चांगलीच सोयीची. समजा, मिल, चाळणी, वजनकाटा, शेड असा सगळा प्रकल्प ६ लाखांचा धरला. तुमचे १० टक्के म्हणजे ६० हजार. बँकेचे कर्ज ५ लाख ४० हजार. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार.

आता नीट ऐका. हे २ लाख १० हजार तुमच्या हातात पडत नाहीत. योजनेच्या नियमाप्रमाणे ही रक्कम बँकेत कर्जाच्या जोडीने वेगळ्या खात्यात राहते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, हा फायदा खरा. पण कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे मिल चालू पाहिजे आणि कर्ज थकलेले नको, तेव्हा ती रक्कम कर्जात वळती होते. अनुदान आले की त्यातून तूर घेऊ, असा बेत कोणी केला असेल तर तो आजच मोडा.

मग तुरीला किती लागतात? रोज चार क्विंटल भरडायची म्हटले तर महिन्याच्या २५ दिवसांत १०० क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरला. म्हणजे एका महिन्याची तूर ८ लाखांची! सहा लाखांची मिल आणि तिच्या एका महिन्याच्या पोटाला आठ लाख. त्यात तूर म्हणजे काही ज्वारी नव्हे, की टाकली जात्यात आणि झाले पीठ. तिला तेल-पाणी लावा, उन्हात वाळवा, पुन्हा भरडा. डाळ दुकानदाराला द्या आणि उधारीसाठी महिनाभर त्याच्या दारी चकरा मारा. तोवर पैसा अडकलेला. पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

हे सरकारला कळत नाही असे नाही. याच योजनेत महिला बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवले होते आणि ते खेळत्या भांडवलासाठी व छोट्या अवजारांसाठीच होते. मग जे बचत गटाच्या बाबतीत उमगले, ते एकट्या तरुणाच्या बाबतीत का उमगू नये? यापुढे जी कोणती योजना येईल, तिच्यात मदतीचा काही भाग पहिल्या हंगामाच्या मालासाठी मोकळा ठेवा. तीन वर्षांनी मिळणाऱ्या दोन लाखांपेक्षा जानेवारीत, तूर घरात येते तेव्हा हाती पडलेले एक लाख मोठे असतात.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर आपल्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट, बँकेत एक नव्हे, दोन अर्ज द्या. एक यंत्राच्या कर्जाचा आणि त्याच दिवशी दुसरा खेळत्या भांडवलाचा. लहान उद्योगांसाठी नायक समितीने १९९० च्या दशकातच माप घालून दिले आहे. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीचा चौथा हिस्सा खेळते भांडवल धरायचे. त्यात उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यायचे आणि ५ टक्के तुम्ही घालायचे. उलाढाल ४० लाखांची दाखवली तर बँकेचे ८ लाख, तुमचे २ लाख. आणखी एक. लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच सांगितले आहे. शेताचा सातबारा पुढे करण्याआधी हे साहेबांना नम्रपणे विचारा.

दुसरी गोष्ट, पहिल्या वर्षी व्यापारी होऊ नका, भरडणारे व्हा. गावाची तूर भरडून द्या आणि मजुरी घ्या. तूर त्यांची, डाळ त्यांची, तुमची भरडाई. यात भांडवल अडकत नाही, हात बसतो आणि गिऱ्हाईकही ओळखीचे होते.

तिसरी गोष्ट, स्वतःच्या घरची तूर हमीभावाच्या खाली फेकू नका. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. तुमची बाजार समिती ही योजना राबवते का, ते विचारा. राबवत नसेल तर का नाही, तेही विचारा.

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळी, २०२४ साली ग्रामसेवकांचे 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले, तलाठ्यांचे 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. पदनाम मोठे झाले, आनंद आहे. पण पोराला नमुना ८ चा उतारा आणि ना-हरकत दाखला यासाठी चार खेपा घालाव्या लागत असतील तर नावाचा उपयोग काय? अर्ज आला की आठवड्यात निकाल लावा. पंचायतीची रिकामी खोली पडून असेल तर हंगामापुरती माफक भाड्याने द्या. आणि एखादा तरुण यंत्राचे कागद घेऊन आला तर सही करण्याआधी त्याला एवढेच विचारा, 'बाबा, तुरीचे पैसे कुठून आणणार?' हा प्रश्न बँकेने विचारायला हवा, कृषी खात्याने विचारायला हवा. ते विचारत नसतील तर तुम्ही विचारा.

बैल घेताना आपण आधी वैरणीची सोय बघतो. कडबा नसेल तर कोणी शहाणा माणूस बाजारातून जोडी आणत नाही. मिल हाही बैलच आहे. तिला रोज खायला लागते. अनुदानाच्या आशेने दावणीला बांधाल आणि वैरण विसराल, तर तीन वर्षांनी ताडपत्री, उंदीर आणि बँकेची नोटीस एवढेच हाती राहील.

तेव्हा यंदा अर्ज भरण्याआधी एक रात्र कंदील, बल्ब, जे असेल त्याच्या उजेडात घरच्यांसोबत बसा. एका कागदावर यंत्राचा खर्च लिहा, दुसऱ्यावर मालाचा. दुसरा कागद कोरा राहिला, तर पहिल्यावर सही करू नका.