साथिनीचा हात कोणी सोडला?

समाजसेविका, डॉक्टर, वकील आणि पोलीस यांनी मिळून संकटात सापडलेल्या कुटुंबाला आधार द्यावा, ही कल्पना आज सर्वमान्य झाली आहे. प्रश्न इतकाच आहे, की या साखळीतील सर्वांत खालची कडी कोणाच्या बळावर उभी राहते? याचे उत्तर शोधताना जयपूर जिल्ह्याचा अनुभव विसरता येणार नाही.

राजस्थान सरकारने १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावात ‘साथिन’, गटपातळीवर ‘प्रचेता’, जिल्ह्यात प्रकल्प संचालक, शिवाय स्वयंसेवी संस्था आणि जयपूरची विकास अध्ययन संस्था, अशी त्याची रचना होती. प्रशासक, अभ्यासक आणि खेड्यातील अल्पशिक्षित कष्टकरी स्त्रिया एका कामात जोडल्या गेल्या, ही या कार्यक्रमाची खरी कमाई. परंतु साथिनीच्या हाती पडत होते दरमहा अवघे २०० रुपये. आणि तेही वेतन नव्हे, मानधन!

भटेरी गावच्या साथिन भंवरी देवी या कुंभार समाजातील. १९९२ साली सरकारनेच हाती घेतलेल्या बालविवाहविरोधी मोहिमेत त्यांनी एका तान्ह्या मुलीचा विवाह रोखण्याचा प्रयत्न केला. गावातील प्रबळ जातीने प्रथम त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि २२ सप्टेंबर रोजी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर सहकार्याच्या त्या साखळीचे काय झाले? आरोग्य केंद्रातील डॉक्टरने तपासणी केली नाही. जयपूरच्या डॉक्टरने दंडाधिकाऱ्याचा हुकूम मागितला. दंडाधिकाऱ्याने कचेरीची वेळ संपल्याचे कारण सांगितले. तपासणी झाली तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि सर्वांनी मिळून एका स्त्रीला वाऱ्यावर सोडले. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

यातून जे हाती आले ते चळवळीने मिळवले. महिला संघटनांच्या याचिकेवर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निकाल दिला. २०१३ च्या कायदादुरुस्तीने पीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे सरकारी व खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले. उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा एका छपराखाली आणणारी ‘सखी’ केंद्रे २०१५ पासून सुरू झाली. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने तर १९८४ सालीच पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसवल्या होत्या. या सुधारणांचे मोल आहेच.

परंतु छप्पर एक झाल्याने दर्जा एक होत नाही. डॉक्टर आणि फौजदार पगारी नोकर. घरोघर जाऊन अन्यायाचा पहिला वास घेणारी साथिन, आशा वा अंगणवाडी सेविका मात्र ‘मानसेवी’! गावातल्या धनदांडग्याशी वैर पत्करायचे तिने, आणि तिच्या पाठीशी सेवाशाश्वती नाही, निवृत्तिवेतन नाही. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तोही लढून मिळाला.

म्हणून कौटुंबिक आधार केंद्रांची मागणी करताना आपण दोन गोष्टी ठामपणे मांडल्या पाहिजेत. जबाबदारी टाळणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा हवी. आणि तळाच्या कार्यकर्तीला कामगाराचा दर्जा, वेतन व संरक्षण हवे. त्यावाचून सहकार्याची भाषा ही वरच्यांची सोय आणि खालच्यांची फसवणूक ठरेल. भटेरीचा हा धडा प्रत्येक शाखेने ध्यानात ठेवावा.