वर फिरकी, खाली काय?

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात मैत्रिणीच्या गावी, तिगावला, चार दिवस राहून आले. पांढुर्णा २०२३ मध्ये जिल्हा झाला. कारभार मध्य प्रदेशाचा, पण घरातली बोली मराठी आणि ऊन अगदी आपल्या नागपूरचं.

तिच्या घरी कवेलू काढून टिन टाकलेत. कारणं खरी आहेत: माकडं कवेलू फोडतात, दर पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात आणि फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. पण कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जायची. टिनाने ती वाट बुजवली. रात्री दहालाही आजीच्या खोलीत भट्टी. आजी अंगणात खाट टाकते, वळवाचा पाऊस आला की पुन्हा त्याच भट्टीत.

काकांनी, म्हणजे मैत्रिणीच्या बाबांनी, उपाय काढला: गोदामांच्या छतावर गरगरते ती गोल फिरकी. वीज लागत नाही. वारा तिला फिरवतो, ती आतली गरम हवा वर ओढते. वारा पडला तरी गरम हवा हलकी, थोडी वर जातेच. मला तर कल्पना फारच आवडली. आजीने मात्र एवढंच विचारलं, "वरून हवा जाईन पोरी, पण येईन कोठून?"

मी गप्प. खोलीला एकच खिडकी, तीही चोराच्या नि सापाच्या भीतीने रात्री बंद.

मी आजीच्या बाजूने आहे. सावलीच्या भिंतीला खाली जाळीचा झरोका नसेल, तर फिरकी म्हणजे छतावरचं खेळणं. कूलरचंही तेच, हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली नुसती चिपचिप. आमच्या जुन्या चर्चमध्ये मे महिन्यातली मिस्साही सुसह्य होते, कारण छत उंच, वर झरोके आणि खाली दारं सताड उघडी.

फिरकीकडून भलती अपेक्षाही नको. बाहेर ४५ अंश असताना ती बाहेरचीच गरम हवा आत आणणार. टिन वरून भाजतं ते वेगळंच. त्याला चुन्याचा पांढरा हात हवा, खाली चटईचं छत हवं. फिरकीची खरी कमाई संध्याकाळनंतरची.

पण नवं घर बघायला येणारे आपण टाईल्स बघतो, रंग विचारतो. म्हातारं माणूस रात्री कुठे झोपतं, हे कोण विचारतं?

काकांचा फिरकीचा बेत कायम आहे. पण आधी मिस्त्री येणार आहे, आणि जाळी कुठे बसवायची ते त्याला आजी दाखवणार आहे.